तंबूतली डाकीण

६ डिसेंबर १९५३, चोपडा

रविवार असून सकाळी दारात बन्सीलालशेठ उभे. त्यांचा फिरत्या टॉकीजचा तंबू चार दिवसांपूर्वी नदीकाठच्या मैदानात लागला आहे. कापसाचा हंगाम, लोकांच्या हातात पैसा, आणि शेठ कपाळाला हात लावून बसलेले. मुंबईहून देवादिकांच्या पिक्चरची पेटी यायची होती. पेटी आली, पण उघडून पाहतात तर आत भलतंच इंग्रजी पिक्चर. कुठल्या परदेशातलं भुताचं घर आणि त्यात राहायला आलेली नवी नवरी. तार केली तर उत्तर आलं, तूर्त हेच चालवा.

"गुरुजी, तुम्ही हायस्कुलात इंग्रजी शिकवता. पडद्याच्या बाजूला भोंगा घेऊन उभं राहायचं आणि ते काय बोलतात ते आपल्या बोलीत सांगायचं. माझी इज्जत तुमच्या हातात."

मी आढेवेढे घेतले, पण मनातून हुरळलो होतो. आठ वर्षं धुळ्याहून इथे येऊन मुलांकडून स्पेलिंगं घोकून घेतोय. माझं नाव शालिग्राम आहे हेसुद्धा गावात कोणाला ठाऊक नसेल, सगळ्यांचा मी नुसता गुरुजी. आतल्या खोलीतून भिकुअक्कांनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, दोघांना चहा पाठवला. शेठ चहा पिऊन हो म्हणवूनच उठले.

७ डिसेंबर

खरं लिहायचं तर या वहीतच लिहिता येईल. मला त्या गोऱ्यांचं बोलणं अजिबात कळलं नाही. माझं इंग्रजी पुस्तकातलं. डोळ्यांनी वाचलेलं समजतं, कानांनी ऐकलेलं नाही. ते लोक तर अर्धे शब्द तोंडातच गिळतात. पहिलं रीळ सुरू झालं, आठशे माणसं माझ्याकडे बघतायत, आणि माझ्या हातात नुसता भोंगा.

मग मी डोळ्यांना दिसेल ते सांगायला लागलो. धुकं, समुद्र, मोठं थोरलं घर. घोडागाडीतून नवी नवरी उतरते. मिशाळ नवरा. आणि जिन्यात उभी एक म्हातारी, काळे कपडे, कमरेला चाव्यांचा जुडगा. आपोआप दारं उघडतात. कोणी बसलेलं नसताना खुर्ची झुलते. म्हातारी रिकाम्या खोलीत एकटी बोलत बसते. नवऱ्याची पहिली बायको त्या घरात मेली आहे, एवढं भिंतीवरच्या काळी फीत लावलेल्या फोटोवरून लक्षात आलं.

"ही जी म्हातारी दिसते ना," मी भोंग्यातून म्हणालो, "ती डाकीण आहे. हिनेच पहिलीला खाल्ली."

मग बायकांच्या कनातीपलीकडून एकच हाय ऐकू आली. त्या आवाजाने माझ्या अंगात जे बळ आलं ते मी कधी विसरणार नाही. पुढचं सगळं सुचतच गेलं. म्हातारी नवरीच्या हातातून औषधाची बाटली हिसकावून खिडकीबाहेर फेकते, तेव्हा मी सांगितलं की तिला पोरगी बरी व्हायला नको आहे. शेवटी नवरा आणि म्हातारी झोंबाझोंबी करत जिन्यावरून पडतात, दोघं मरतात, आणि नवरी नवऱ्याला सोडून म्हातारीच्याच अंगावर पडून रडते. ती का रडते ते काही मला उमगलं नाही. वेळ निभावायला सांगून टाकलं, की डाकीण आता हिच्यात शिरली. लोक उठायला तयार होईनात.

९ डिसेंबर

शाळेत मुलं माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. हेडमास्तरांनीसुद्धा विचारलं, इतकं जलद भाषांतर कसं जमतं हो? मी म्हटलं, सराव.

दुपारी उखर्डूभाऊंनी हॉटेलात बोलावून भजी खाऊ घातली. हे भिकुअक्कांचे धाकटे दीर. अक्कांचे यजमान झिपरूनाना दोन वर्षांपूर्वी केळीच्या बागेत सर्प चावून गेले. तेव्हापासून घर आणि बाग अक्काच सांभाळतात. दीर-भावजयीत फारसं बोलणं नाही, पण माणूस मोठा रसिक निघाला. आतापर्यंतचे सगळे खेळ पुढच्या रांगेत बसून पाहिलेत.

"गुरुजी, तुम्ही सांगतस तवय मना अंगवर काटा येस," म्हणाले. "पन ती डाकीण जराशी आपला गावनी वाटाले पाहिजे. गोरी बाई लोकेसले परकी वाटस. ती चालस कशी, ऱ्हास कशी, ते सांगा ना."

सूचना मार्मिक आहे. कथेला मातीचा वास हवा हे मीही मुलांना निबंधात सांगतो. मग त्यांनी सहज विचारलं, एकटी राहणारी बाई दिवसभर काय करत असेल हो? तुम्ही तर आमच्या वहिनीच्या घरी राहता, तुम्हाला ठाऊक. मी गप्पांच्या ओघात सांगितलं, की अक्का पहाटे तुळशीला पाणी घालताना झिपरूनानांशी बोलतात. आज घड किती उतरले, कुठल्या वाफ्याला पाणी कमी पडलं. माळ्यावरच्या खिडकीत रोज दिवा ठेवतात, नाना बागेतून उशिरा यायचे म्हणून लागलेली सवय. उखर्डूभाऊ फार लक्ष देऊन ऐकत होते. असा श्रोता मिळणं भाग्याचं.

११ डिसेंबर

आज म्हातारीला मी डावा पाय ओढत चालवली. पडद्यावर ती फक्त सावकाश चालते, पण पाय ओढते म्हटल्यावर लोकांना तसंच दिसलं. माळ्यावरचा दिवा घातला, पहाटेचं एकटीचं बोलणं घातलं. पांढरं लुगडं नेसते असंही सांगितलं. पडद्यावरचा काळा झगा समोर असून कोणी हरकत घेतली नाही. खेड्यांतून बैलगाड्या येताहेत. शेठनी माझ्यासाठी हार आणवला.

घरी आलो तर अक्का जाग्या होत्या. भाकरी झाकून ठेवलेली. "भाऊ, काय पिक्चर शे ते? बठ्ठा गाव जाई राहिना." मी म्हटलं, भुताटकीचं आहे, तुम्हाला आवडणार नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, भूत ऱ्हातं तर बरं व्हतं, कोणी तरी घरमा बोलतं.

जेवताना थोडं चुकल्यासारखं वाटलं. त्यांचाही डावा पाय लहानपणी मोडलेला, तो ओढत चालतात. पण पात्र रंगवायला कुठून तरी काही घ्यावंच लागतं. त्या काही पिक्चरला येणार नाहीत.

१४ डिसेंबर

आळीतल्या बायका रोज अक्कांकडून विरजण न्यायच्या. अक्कांचं विरजण घट्ट लागतं असा लौकिक. तीन दिवस कोणी आलेलं नाही. अक्का वाटी भरून ओट्यावर बसतात आणि ऊन चढलं की आत जातात. थंडीत दही लागत नाही म्हणून बायका येत नसतील, असं मी त्यांना समजावलं.

उंबऱ्यावर आज कोणी तरी सुया टोचलेलं लिंबू टाकलं होतं. शाळेतल्या कार्ट्यांचा चावटपणा. उद्या वर्गात विचारतो.

१६ डिसेंबर

बागेत केळीचे घड तयार झालेत आणि कापायला माणूस येत नाही. अक्का स्वतः तीन घरी जाऊन आल्या. एकाने ताप सांगितला, दुसऱ्याने पाहुणे. तिसऱ्याच्या बायकोने दारच उघडलं नाही. रावेरचा व्यापारी गाडी पाठवणार आहे, आणि घड झाडावर पिकले तर ते कोणी घेत नाही. वर्षाचं पीक असं जाईल. उखर्डूभाऊ येऊन अंगणात उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, बाग माले करू दे. तुले तुना भाऊना गावले सुख लागी." अक्का म्हणाल्या, हे घर मनं शे. एवढंच.

दिराची काळजी रास्तच आहे. पण ते जाताना माझ्याकडे बघून हसले, ते मला आवडलं नाही. का ते सांगता येत नाही.

शेठनी पिक्चर आणखी एक आठवडा ठेवलंय.

१९ डिसेंबर, शनिवार, सकाळची शाळा करून

घडलं तसं लिहून काढतो.

काल संध्याकाळच्या खेळाला भिकुअक्का आल्या. मी भोंगा तोंडाला लावलेला आणि त्या कनातीच्या दारातून पाय ओढत आत शिरल्या. पांढरं लुगडं. ज्या बाईशेजारी बसल्या ती उठली. मग तिच्या शेजारची. हळूहळू बायकांची सगळी बाजू पुढे सरकून कोंबली गेली आणि मागच्या सतरंजीवर अक्का एकट्या. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. आठ दिवस आंधळा होतो. लिंबू, विरजण, ताप, पाहुणे, सगळं एका ओळीत समोर उभं राहिलं.

तरीही मी बोलत राहिलो. लोक ऐकत होते म्हणून बोलत राहिलो. पाय ओढणं तेवढं गाळलं, तर पुढच्या रांगेतून उखर्डूभाऊच ओरडले, "पाय कसा वढस ते सांगा!" सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अक्का शेवटपर्यंत बसल्या.

आज पहाटे त्या तुळशीपाशी बोलल्या नाहीत. मला चहा दिला आणि समोर बसल्या.

"भाऊ, ती बाई डाकीण नही शे."

मी कप खाली ठेवला.

"ती त्या मरेल पोरनी माय शे. जावाईनी पोर मारी टाकी. आते तो दुसरीले बी बाटलीमाईन जहर दी राहिना, म्हनीसन माय ती बाटली फेकस. नवी पोर तिना अंगवर पडीसन रडस, ती काय उगीच?"

"अक्का, तुम्हाला इंग्रजी कुठे येतं?"

"इंग्रजी कसाले पाहिजे? मरेल पोरनी फनी ती हातमा कशी धरस, ते तू देखं नही का? परकी बाई तशी फनी नही धरस." मग म्हणाल्या, "आणि मी तुले काय करं व्हतं, ते सांग."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर

काल मी पिक्चर पहिल्यांदा नीट पाहिलं. अक्का म्हणाल्या ते अक्षरन् अक्षर खरं. फोटोतली मेलेली मुलगी आणि म्हातारी, दोघींचं नाकडोळ्यांचं वळण एक. दारं उघडतात ती प्रत्येक वेळी नवरा बाटलीत काही मिसळत असतानाच, मेलेली मुलगी सावध करत असल्यासारखी. बारा दिवस हे माझ्या डोळ्यांसमोरून जात होतं.

मी ठरवलं, रात्रीच्या खेळाला खरं सांगायचं. "मंडळी," म्हटलं, "माझी चूक झाली. ही बाई डाकीण नाही. ही आई आहे." पाच-दहा मिनिटं लोकांनी ऐकून घेतलं. मग कुजबुज, मग शिट्ट्या. "गुरुजी, डाकीण कोठे गई?" "पैसा परत द्या!" कोणी तरी चिखलाचा गोळा पडद्यावर मारला. शेठ मागून येऊन माझा दंड धरून म्हणाले, "गुरुजी, तंबू फाडतील. गुमान सांगा."

मी पुन्हा डाकीण सांगायला लागलो.

हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मला माझ्याविषयी बरं वाटायला लागलं तर हे पान काढून वाचता येईल. आधी मला समजत नव्हतं. काल समजत होतं.

२२ डिसेंबर

सकाळी शाळेला निघालो तर अंगणात तीसेक माणसं. मध्ये उखर्डूभाऊ, त्यांच्यासोबत सातपुड्याच्या पायथ्याकडून आणलेला एक भगत. म्हणे शेजारच्या आळीतलं मूल तापाने फणफणलंय, बाईची परीक्षा घ्यायची. कढईतल्या उकळत्या तेलात हात घालायचा. अक्का दारात उभ्या होत्या, तोंडावर कसलीच भीती नाही, फक्त दमलेल्या.

मी ओट्यावर चढलो. आयुष्यात इतकं साधं कधी बोललो नव्हतो. म्हटलं, मी या घरात आठ वर्षं राहतो. ही बाई नवऱ्याच्या आठवणीने बोलते. दिवा सवयीने ठेवते. पाय लहानपणी मोडला आहे. पिक्चरमध्ये मी जे सांगितलं ते माझ्या मनचं होतं, मला त्यातलं इंग्रजी कळलंच नव्हतं. एवढं सगळं गावासमोर कबूल केलं.

लोकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वाटलं, पोचलं. मग एक जण कौतुकाने म्हणाला, "देखा, गुरुजी कसा सांगस! बठ्ठं डोयासमोर उभं ऱ्हास." दुसरा म्हणाला, "गुरुजी, तो डाकीणना आवाज काढा ना." आणि माणसं हसली. त्यांना तो खेळच वाटला. माझ्या तोंडून आता काहीही निघालं तरी तंबूतलंच वाटणार.

उखर्डूभाऊंनी मग मोठ्या मनाने तोड काढली. वहिनीने गाव सोडलं तर परीक्षा नको. अक्कांनी कढईकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. आत गेल्या. ट्रंक काढली, दोन लुगडी आणि नानांचा फेटा भरला. उखर्डूभाऊंनी पुढे केलेल्या घर-बागेच्या कागदावर अंगठा उमटवून दिला. मी शाळा बुडवून त्यांना शिरपूरच्या एस.टी.त बसवलं, तिथे त्यांचा भाऊ सुपडू राहतो. गाडी सुटेपर्यंत मी माफी मागत होतो. त्या म्हणाल्या, "जा भाऊ, पोरं वाट देखत व्हतीन."

२८ डिसेंबर

मी बाजारपेठेत खोली घेतली. उखर्डूभाऊ म्हणत होते, तुम्ही राहा तसेच, भाडंही नको, घराला तुमच्यासारखा वजनदार माणूस हवा. मी पाणीसुद्धा न पिता निघालो.

घर मिळालं, पण त्यांची बायको त्यात पाऊल टाकायला तयार नाही. बागेत मजूर येत नाहीत. घड झाडावर पिकून वटवाघळं खात आहेत. मला याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. आज दुपारी उरलेली पुस्तकं आणायला गेलो, तर माळ्यावर काही वाजलं आणि मी पुस्तकं टाकून रस्त्यावर आलो. उंदीर असणार. त्या घरात काही नाही हे सांगू शकणारा गावात मी एकटा, आणि मीच पळालो.

९ जानेवारी १९५४, शनिवार, शिरपूर

तंबू शिरपुरात लागल्याचं कालच कळलं. तेच पिक्चर. शाळा सुटताच गाडी धरून आलो आणि थेट बन्सीलालशेठना गाठलं. म्हटलं, शेठ, पाया पडतो. सांगायचंच तर मला सांगू द्या, खरं सांगतो. नाहीतर पेटी परत पाठवा.

शेठ वाईट माणूस नाहीत. बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "गुरुजी, खरं तुम्ही एकदा सांगून बघितलंत ना? माझ्या पोटावर पाय कशाला आणता? आणि आता तुमची अडचण नाही. आमचा सुकदेव सांगतो."

सुकदेव म्हणजे तिकिटं फाडणारा. चोपड्याला रोज दारात उभा राहून ऐकायचा. मी तंबूबाहेर उभा राहून त्याला ऐकलं. माझी वाक्यं, माझे थांबे, माझी खाकरण्याची ढबसुद्धा. माळ्यावरचा दिवा, पहाटेचं बोलणं, पांढरं लुगडं. डावा पाय ओढत येते, असं म्हणून तो क्षणभर थांबला. तिथे थांबायचं मीच ठरवलं होतं. आतून तीच हाय ऐकू आली. चोपड्याहून थोडी मोठीच.

१० जानेवारी

सकाळी सुपडूभाऊंचं घर शोधत गेलो. गल्लीच्या तोंडाशी विचारलं, चोपड्याहून आलेल्या भिकुबाई कुठे राहतात? नळावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "ती पाय वढस ती का?"

आठवडा झालेला नाही तंबू लागून.

अक्का ओसरीवर बसल्या होत्या. ट्रंक बाहेर काढलेली, दोरीने बांधलेली. भावजय सुगंधाबाई आत पोरांना दटावत होती, बाहेर जाऊ नका म्हणून. सुपडूभाऊ मला बघून उठून गेले. मी सांगायला लागलो, की सुकदेव, शेठ, मी पाया पडलो. अक्कांनी हात वर करून थांबवलं. त्यांनी मला बसायला घोंगडी दिली. जेवलास का, विचारलं. मी खोटंच हो म्हटलं.

मग त्यांनी ज्या सुरात बागेतल्या मजुराला विचारत असत त्याच सुरात विचारलं, "भाऊ, तो तंबू आते कोणता गावले जाई?"

"का, अक्का?"

"माले सांगी ठेव. मग मी दुसरी वाट धरसू."

मला ठाऊक नव्हतं. शेठना विचारून येतो, असं म्हणून मी उठलो.